तिसऱ्या रविवारचा पहिला चहा

ठोसर सरांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी उरण नाक्यावर बोंबील ताजे आहेत की कालचे, यावरून कोळणीशी हुज्जत घालत होतो. "म्हात्रेभाऊजी, लवकर या, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या बोलल्या. पस्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, असले फोन किती घेतले त्याला गणती नाही. पण माझ्या डोक्यात आलं ते भलतंच. वाटलं, सर रुसून बसलेत आणि खुर्चीतून उठत नाहीयेत! मी चक्क म्हणालो, "चहा द्या, उठतील." पलीकडून काहीच आवाज आला नाही, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. बोंबलांची पिशवी स्कूटरच्या हुकाला तशीच लटकवून निघालो. ती संध्याकाळपर्यंत तिथेच होती. वास यायला लागला तेव्हा सरांच्या दारात जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मीही त्यांच्यासोबत इकडेतिकडे बघत राहिलो.

ठोसर सरांना जाऊन आता दीड महिना होत आला. मी लेखक नाही. लिहिलं ते सगळं पंचनाम्यात, आणि त्यात 'समक्ष', 'सदर' आणि 'येणेप्रमाणे' यापलीकडे माणसाला फारसं काही लागत नाही. हे लिहायला बसलो ते सरांबद्दल चार शब्द सांगावेत म्हणून, पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात गुंता झालाय आणि तो कोणत्या टोकाकडून सोडवावा तेच उमगत नाही. तेव्हा सुरुवातीपासूनच सांगतो.

सर पनवेलमध्ये तळ्याजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. उंच, किडकिडीत, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. आमची ओळख झाली ती एका पंचनाम्यात. तेव्हा मोबाइलला अजून बटणं होती आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे होते. रोडपालीच्या एका कॅफेतून कोणीतरी एका शिक्षिकेला धमकीच्या ईमेल पाठवत होतं. कॅफे इक्बालभाईंचा. आम्ही धाड घातली, आणि कॉम्प्युटरमधलं कळणारा पंच हवा म्हणून साहेबांनी ठोसर सरांना बोलावून घेतलं. कळणारा माणूस तिथे उभा, आणि काम करणारा मी! सगळी मशीन चालू होती. मी एकेकाची वायर भिंतीतून खेचली, गोणपाटात बांधली, लाखेचं सील ठोकलं, पंचांच्या सह्या घेतल्या. इतकं झकास सील मी आयुष्यात दुसरं लावलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

नंतर कळलं, त्या कॅफेत असं काहीतरी बसवलेलं होतं की मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की पाटी कोरी. कोण येऊन बसला, काय लिहून गेला, काही उरायचं नाही. जे काही होतं ते चालू मशीनच्या मेमरीत होतं, आणि ते मी माझ्या या दोन हातांनी घालवलं. ईमेल कोणी पाठवल्या ते शेवटपर्यंत सापडलं नाही. इक्बालभाईंना मी दोन दिवस पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. मग सोडलं. पण लोकांची तोंडं कोण धरणार? "पोलिसांनी उगाच नेला असेल का," म्हणत गिऱ्हाईक तुटलं, गाळेमालकाने गाळा काढून घेतला. कॅफे बसला तो बसलाच.

तीनेक महिन्यांनी सर आपण होऊन ठाण्यात आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हात्रे, तुमच्या गव्हाणला मिठागरं ना? मीठ तयार होऊन पडलंय, अजून उचललं नाही, आणि पाऊस आला तर?"

"तर काय! मीठ गेलं, सर."

"बस. वीज गेली की मेमरी गेली. एवढं कळलं की अर्धा कोर्स झाला. रविवारी क्लासवर या."

मला वाटलं, कोर्सची जाहिरात करायला आलेत. गेलो तर बघतो, फी नाही, सर्टिफिकेट नाही, बारा मशीन आणि आम्ही पाच टाळकी. अशी आमची ती तिसऱ्या रविवारची बैठक सुरू झाली. पुढे माणसं वाढली. कॉलेजात शिकवणाऱ्या शिंदेबाई आणि त्यांची पोरंपोरी, बँकेतले एकजण, द्रोणागिरीच्या गोदामातले एक कारकून, खारघरच्या कंपन्यांमधली कितीतरी मंडळी. सर एक मशीन मुद्दाम चालू ठेवून बाहेर जायचे आणि आम्ही त्यावर सराव करायचो. घड्याळात बघून वेळ लिहायची, पडद्याचा फोटो काढायचा, पेनड्राइव्ह लावून मेमरीची नक्कल उतरवून घ्यायची, मग त्या नकलेतून कोण आत होतं, कोणता पासवर्ड टाकला, कोणाशी बोललं ते शोधायचं. माझी बोटं म्हणजे काकड्या! एक अक्षर दाबायला गेलो की दोन उमटायची. पोरीबाळी हसायच्या. सर कधी हसले नाहीत. मी दहा वेळा चुकलो तर अकराव्यांदा खुर्ची ओढून शेजारी बसायचे. भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'चालू असेल तर चालू ठेवा. बंद असेल तर बंद ठेवा.' घरातल्या टेबलासमोरही त्याचाच कागद चिकटवलेला होता.

आणि एक रिवाज होता. कोणीतरी उठून आपली स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय बैठक सुरू व्हायची नाही. दुसऱ्याची नाही, स्वतःची. जो सांगेल त्याला किटलीतला पहिला चहा, त्याचा संपेपर्यंत बाकीच्यांनी नुसता वास घ्यायचा. पहिल्या रविवारी मीच उठलो होतो, रोडपालीच्या वायरा सांगितल्या, पहिला चहा प्यालो. चहा यायचा इक्बालभाईंकडून. कॅफे गेल्यावर त्यांनी पनवेलात छोटी बेकरी टाकली होती. किटली आणि खारी घेऊन ते स्वतः यायचे, दुसऱ्या कोणाला पाठवायचे नाहीत. "सलाम, म्हात्रेसाहेब." "सलाम." आठ वर्षांत आमचं बोलणं याच्या पुढे गेलं नाही. एकदा कोणीतरी चहाचं मशीन घेऊ म्हणालं, तर सर असे काही भडकले की विचारू नका. "चहा इक्बालभाईंचाच येणार. नको असेल त्याने पाणी प्या." चहासाठी एवढं? मला वाटलं, म्हातारपण आलं.

पण सरांनी स्वतःची चूक कधी सांगितली नाही. आम्ही चिडवायचो, "सर चुकतच नाहीत." ते चष्मा पुसत बसायचे. एकदा गाढी नदीच्या पुलावरून दोघे चालत येत होतो, तेव्हा मी धीर करून विचारलंच. "सर, त्या दिवशी तुमी तिथं उभे होता. मी वायरा खेचत होतो तवा तुमाला म्हाईत होतं ना?" ते पुलाच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "रविवारी सांगेन. ज्या रविवारी माझी पाळी असेल, त्या रविवारी."

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. यांना माहीत होतं आणि हे गप्प बसले, असं असेल तर? मग माझ्याशी आठ वर्षं जी माया केली, अकराव्यांदा खुर्ची ओढून बसले, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिले, ते काय होतं? मैत्री, की आपल्या मनाची टोचणी शमवत होते? हसू नका. साठीच्या माणसालाही असलं वाटतं. मला ते जाणून घ्यायचं होतं, अगदी मनापासून. आणि ते गेले त्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "म्हात्रे, या रविवारी माझी पाळी. लिहून आणतोय, नाहीतर जीभ अडखळेल."

मी घरी पोहोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. शेजाऱ्यांनी सरांना हॉलमध्ये खाली ठेवलं होतं. आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप चालू होता, त्याचा पंखा घर्रघर्र करत होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते तेवढं बंद करा हो. सकाळपासून त्याच्यावरच लिहीत होते. ते चालू आहे आणि हे..." मी आत गेलो. पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट होती. मी बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. एक, दोन, तीन, चार, पाच. पंखा थांबला. माझे बाबा गेले तेव्हा त्यांचे डोळे मी असेच अंगठ्याने मिटले होते. मग मान वर केली तर समोर भिंतीवर कागद. 'चालू असेल तर चालू ठेवा.'

काय सांगू! जे कॉलेजच्या पोरांना मी स्वतः ओरडून ओरडून सांगितलं, तेच केलं. आणि तेही कुठे, तर त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच अक्षरासमोर! दुःखात केलं म्हणावं, तर दुःख अजून पोहोचलंही नव्हतं. का केलं?

दहाव्यानंतर शिंदेबाई आल्या. आमच्यातल्या सगळ्यात हुशार त्या. लॅपटॉप तपासून म्हणाल्या, "डिस्कला कुलूप आहे. मशीन चालू असतं तर किल्ली मेमरीत मिळाली असती, आणि लिहिलेलंही. म्हात्रेकाका, तुम्ही सगळ्यात आधी पोहोचलात ना? चालू होतं का?"

"नाय," मी म्हणालो. "बंदच व्हतं."

पस्तीस वर्षं लोकांचं खोटं पकडण्यात गेली, आणि माझं खोटं असं सुळकन बाहेर पडलं की माझा मलाच पत्ता लागला नाही. वहिनी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि आत निघून गेल्या.

परवाच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा बैठक भरली, पहिल्यांदाच सरांशिवाय. वहिनीही आल्या, लॅपटॉप क्लासला देऊन टाकायला. सरांची खुर्ची कोणी सरकवली नव्हती. शिंदेबाईंनी विचारलं, "आज कोण सांगतंय?" इक्बालभाई दाराशी किटली धरून उभे. मी उठलो. "मी सांगतो. मशीन चालू व्हतं. मी बंद केलं. आनि वर तुमाला खोटं बोललो. सरांचं शेवटचं लिहिलेलं माझ्या हातानं गेलं. त्यात माझ्याबद्दल काय व्हतं ते आता मला कधी कळणार नाय, आनि ती माझीच सजा हाय." एवढं बोललो आणि मटकन खाली बसलो.

इक्बालभाईंनी रिवाजाप्रमाणे पहिला चहा ओतला आणि माझ्यासमोर आणून धरला. मी तो घेतला, तेवढ्यात वहिनी बोलल्या.

"भाऊजी, बंद करा असं मीच म्हटलं होतं, तेव्हा अर्धी चूक माझी. पण एक वाक्य मला माहीत आहे. त्या दिवशी मी पोहे घेऊन आत गेले, तर हे म्हणाले, ऐक, सुरुवात बरी झालीय का सांग. आणि वाचून दाखवलं. 'आज पहिला चहा मला देऊ नका, तो इक्बालभाईंना द्या.' मला काही अर्थबोध झाला नाही. मी म्हटलं, पुढे काय? तर म्हणाले, पोहे खाऊन लिहितो."

मी कपाकडे बघत राहिलो. आठ वर्षं मी याच खोलीत बसून विचार करत होतो की सरांनी माझ्याशी काय केलं, का केलं, माया खरी की खोटी. सरांची चूक काय होती ते मला अजूनही माहीत नाही. गप्प बसले, की आणखी काही होतं, देव जाणे. पण ती ज्याच्याशी झाली तो माणूस आठ वर्षं दर महिन्याला किटली घेऊन माझ्यासमोर उभा राहत होता, आणि मी त्याच्या हातचा पहिला चहा पिऊन माझी चूक त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगत होतो. मला लाज वाटली. एवढी लाज मला वर्दीत कधी वाटली नव्हती.

मी उठलो, कप त्यांच्यापुढे केला. "इक्बालभाई, त्या वायरा मी खेचल्या. तुमी काय पन केलेलं नव्हतं. मला माफी करा."

ते गोंधळले. "अरे म्हात्रेसाहेब, मला शुगर आहे. आपल्या चहात तर साखर..." मग वहिनींकडे बघितलं, सरांच्या खुर्चीकडे बघितलं, आणि कप घेतला. ते उभ्यानेच प्यायला लागले, तेव्हा मी सरांची खुर्ची ओढून त्यांच्यामागे ठेवली. "बसा," म्हणालो. याआधी त्यांना मी एकदाच 'बस' म्हटलं होतं, ठाण्यातल्या बाकावर.

ते बसले. बाकीचे आम्ही वास घेत थांबलो. त्यांनी घोट घोट करत सगळा चहा संपवला, रुमालाने मिश्या पुसल्या आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.

"पुढच्या रविवारी साखर कमी टाकतो," म्हणाले.