निळ्या ट्रॅक्टरचे नाना

बबननाना लाल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसत नसत. विंझरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी. त्यांच्या सख्ख्या पुतणीचं लग्न विंझरला होतं आणि सगळं वऱ्हाड ट्रॉलीत चढलं होतं. नाना पांढरं धोतर सावरत खालीच उभे राहिले. कुणीतरी वरून ओरडलं, "नाना, बसा की! ट्रॉलीला कुठं रंग असतो?"

"जुपलेल्या जनावराचा रंग ट्रॉलीला लागतो. तुमी व्हा फुडं," म्हणाले आणि उन्हात चालत निघाले. मांडवात पोहोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मला हे चांगलं आठवतं, कारण तो लाल ट्रॅक्टर मीच विकलेला होता.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या भागात ट्रॅक्टर कंपनीच्या नावापेक्षा रंगावरून ओळखतात. नानांचा निळा. मी शिवऱ्याला हायवेच्या कडेला जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो, सुटे भाग ठेवतो. दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसण्यापासून सुरुवात केली. आज पत्र्याचं शेड माझं आहे, त्यात कुणाच्या बापाचं काही नाही. सौद्यात माझा आवाज चढला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं चहा ठेवून बघायला येतात. नानांशी भांडताना मात्र मला मजा यायची. बेअरिंग हातात घेऊन ते उलटंपालटं करायचे आणि कंपनीच्या छापाचं खोकं शोधत विचारायचे, "ह्येचं डबडं कुठाय?"

"नाना, डबडं उकळून पिणार आहात का? माल बघा."

"डबडं न्हाई म्हंजी बाप न्हाई. बिनबापाचं म्या घरात घेत न्हाई."

एवढ्या निष्ठेचं कारण त्यांनीच एकदा माझ्या शेडमध्ये चहा पिताना सांगितलं. ट्रॅक्टर नवा होता त्या पावसाळ्यात तो भाताच्या खाचरात रुतला, इंजिनात पाणी गेलं. निरोप धाडला तर पुण्याहून कंपनीचा मिस्त्री एस.टी.नं आला, फाट्यावरून भिजत वाडीपर्यंत चालला. इंजिन सुरू होईपर्यंत नानांच्या घरी राहिला, पिठलं-भाकरी खाल्ली आणि जाताना पैशाला हात लावला नाही. "'कंपनी आपल्या माणसाला चिखलात सोडत नसती,' आसं म्हन्ला बग त्यो. माज्या घरचं मीठ खाल्लंय त्यानं. आता म्या रंग बदलला तर मिठाला कोन जागंल?"

"नाना, मीठ त्यानं खाल्लं. जागायचं त्यानं. तुम्ही कशाला जागताय?"

ते हसले. "दत्ता, तुजं गणित दुकानाचं हाय."

पण दुकानाचं गणितच शेवटी अंगावर येतं. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं तसे भाग महाग झाले, मग मिळेनासे झाले. भाताचे पैसे आले की ट्रॅक्टर खाऊन टाकायचा. मुलगा संतोष शिरवळला कारखान्यात होता. तो मला फोन करायचा, "शेठ, नानांना पार्ट देऊ नका. माझा पगार त्या डब्यात जातोय." मी नानांना चांगला अदलाबदलीचा सौदा देऊ केला होता, माझा नफा जवळजवळ सोडून. त्यावर त्यांनी विचारलं, "बैल म्हातारा झाला म्हणून मानूस दुसऱ्याच्या गोठ्यात निजाय जातो व्हय?"

शेवटी मीच भोरकडून त्याच मॉडेलचा एक मेलेला ट्रॅक्टर शोधून दिला. म्हटलं, ह्याचे भाग काढा आणि तुमच्याला लावत राहा, पुष्कळ वर्षं जातील. महिन्यानं वाडीत गेलो तर मेलेला ट्रॅक्टर धुऊनपुसून गोठ्यात उभा, बॉनेटवर हळदकुंकू. आणि नानांचा चालता ट्रॅक्टर बाहेर, रेडिएटर आणि बॅटरी काढलेला.

"हे काय?"

"चालंल आसं वाटलं. आपल्याच रंगाचं हाय, सोलायचं जिवावर आलं."

"म्हणून जित्याचं काढून मेल्याला लावलं?" मी असा ओरडलो की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

नाना शांतपणे म्हणाले, "वरडू नगं. पाव्हना हाय त्यो."

तो पाहुणा कधी चालला नाही. मी जाऊन नानांचा ट्रॅक्टर पुन्हा जुळवला, पण या काढघालीत दोन्हीकडचे काही भाग कामातून गेले. पाहुण्याच्या लिफ्टचा पंप त्यातलाच. मागचं अवजार वरखाली करते ती लिफ्ट, आणि ती चालते त्या पंपावर.

आता माझं दुखणं सांगतो. नसरापूरच्या बाजूला निळ्या कंपनीच्या शोरूमचा ग्राहक मेळावा होता. मी त्यांच्या सुट्या भागांच्या एजन्सीसाठी वर्षभर खेटे घालत होतो, म्हणून इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. सगळ्यात जुना ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी म्हणून नानांचा सत्कार झाला. हार, शाल, कंपनीची टोपी. नानांच्या हातात माईक दिला. ते म्हणाले, "शिवऱ्याच्या भंगारवाल्यानं मला लई नादी लावायला बगितलं. पन म्या डुप्लिकेट माल कदी गाडीला शिवू दिला न्हाई." मांडव हसला. स्टेजवरचे साहेबही हसले आणि माझ्याकडे बघितलं. एजन्सी दुसऱ्याला गेली. भंगारवाला हे नाव तेव्हापासून मला चिकटलं, अजून निघत नाही. नानांना बहुधा कळलंही नाही की ते काय बोलून गेले. मला त्याचाच जास्त राग आहे.

वाडीत भाताच्या चिखलणीची, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करायची, एक रीत होती. ज्यांच्या घरी गडीमाणूस नाही त्यांची खाचरं नाना आधी करायचे, मग इतरांची, स्वतःचं सगळ्यात शेवटी. बाहेरचा ट्रॅक्टर वाडीत यायचा नाही, कारण नाना होते. मेळाव्यानंतरच्या पावसाळ्यात निम्मी वाडी झाली आणि नानांच्या लिफ्टचा पंप गेला. आमची खाचरं टीचभर. घडीघडीला बांध आडवा येतो, अवजार उचललं नाही तर वळताच येत नाही.

नाना कंपनीची टोपी घालून शोरूमला गेले. भिंतीवर मेळाव्याचा त्यांचा मोठा फोटो होता. त्याच्याच खाली बसलेल्या पोरानं संगणकात बघून सांगितलं, "आजोबा, हे मॉडेल दाखवतच नाही. नवीन घ्या, तुम्हाला स्कीम बसवू."

तिथून ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, लाल कंपनीचा पंप लेथवर थोडं काम करून बसेल. संध्याकाळपर्यंत देतो, उद्या सकाळी चिखलात उतरा.

"लाल?"

"पंपच आहे नाना, सोयरीक नाही."

"न्हाई. म्या हेडऑफिसला सांगितलंय. त्ये मानूस धाडत्याल."

"कोण धाडतंय? तुमचा तो मिस्त्री कधीच रिटायर झाला असेल! जिवंत तरी आहे का विचारा!" माझा ताबा सुटला. "वाफ्यातला तरवा म्हातारा व्हायला लागलाय तुमचा. वाडी थांबेल का तुमच्यासाठी?"

"थांबंल," नाना म्हणाले. "माजी मानसं हायती."

माणसं चार दिवस थांबली. भाताचं रोप कुणाची वाट बघत नाही. विंझरहून भाड्याचा लाल ट्रॅक्टर आला आणि राहिलेली वाडी उरकून गेला. त्याच्या ड्रायव्हरनं नानांच्या बांधावरून हाक मारली, "नाना, उतरू का? दोन तासांचं काम हाय." नानांनी हातानंच नाही म्हटलं. त्यांचं रोप वाफ्यातच पिवळं पडलं. हेडऑफिसमधून फोनवर एक संदेश आला, आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे असा.

श्रावण लागल्यावर नाना ट्रॅक्टर घेऊन शिवऱ्याला आले. मागे अवजार नव्हतं. खाली उतरले, डबड्याचं विचारलं नाही, भाव विचारला नाही. "बसव लाल," म्हणाले. मी बसवला. मग म्हणाले, "वरनं निळा रंग मार." तोही मारला. लिफ्ट उचलली. नाना दांडी धरून ती वर घेत होते, खाली सोडत होते.

जाताना जवळ येऊन हळूच म्हणाले, "दत्ता, ह्ये कुनाला बोलू नगंस."

मेळाव्यापासून मी याच दिवसाची वाट बघत होतो. कुठे, कुणासमोर, कसं बोलायचं हे सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. "नाही बोलत," म्हटलं.

पुढच्या चिखलणीला नानांना कुणी बोलावलं नाही. विंझरच्या ट्रॅक्टरचे नंबर उन्हाळ्यातच लागले होते. नानांच्या खाचरात तोवर गवत माजलं होतं, आणि ते नांगरायला संतोष नको म्हणाला. ती रस्त्याकडची जागा होती, पुण्याचे लोक विचारून जात होते. नाना सकाळी ट्रॅक्टर सुरू करायचे, लिफ्ट वर घ्यायचे, खाली सोडायचे आणि बंद करायचे. मी गेलो की म्हणायचे, "चालू ठेवाय लागतो. कुनी बोलावलं तर?"

गेल्या शिमग्यानंतर नाना गेले. तेराव्याला मी वाडीत होतो. जेवणं झाल्यावर माणसं ओसरीवर पान खात बसली होती. विंझरचा एक पाहुणा म्हणाला, "मानूस शेवटपर्यंत पक्का. दुसऱ्या कंपनीचा नटसुदा लावला न्हाई गाडीला. काय दत्ताशेठ, तुमीबी लई जोर लावलावता न्हवं?" सगळे माझ्याकडे बघून हसले.

"लावला होता," मी म्हटलं. "घेतला नाही त्यांनी."

मी चपला घालून बाहेर आलो. खाचराच्या बांधावर संतोष पुण्याच्या एका गाडीवाल्याला घेऊन उभा होता आणि हात लांब करून त्याला हद्द दाखवत होता.