पाळीतले साळिंदर

पौषातल्या त्या सकाळी तलावाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, पाण्याची धार लागलेली भाऊसिंगला दिसली, तेव्हा त्याने आधी ते पाणी ओंजळीत घेतले. गढूळ होते. नितळ पाणी झिरपते तोवर पाळ शाबूत असते. गढूळ आले की आतली माती चालली, हे त्याला ठाऊक होते.

रिठदजवळच्या त्यांच्या तांड्यातली निम्मी घरे दिवाळीनंतर कुलपे लावून ऊसतोडीला गेली होती. लग्न झाल्यापासून भाऊसिंगही दरसाल जात असे. यंदा कंबर धरलेल्या रुपाबाईने साफ सांगितले, "मी फडात येत नाही, तुमीही जाऊ नका," आणि त्याने मच्छीमार संस्थेच्या तलावाची राखण पत्करली. सोडलेला रोहू-कटला मासा होळीपर्यंत जगला, तर तलाव पुढेही त्याच्याकडेच राहणार होता. पाणी गेले, तर महिनाअखेरीस येणाऱ्या मुकादमाच्या गाडीत दोघांनाही चढावे लागणार होते.

म्हणून हिवाळाभर तो झटला. काठची बेशरमाची झुडपे उपटली, चुना मारला, पाणकावळ्यांमागे डबा वाजवत फिरला. चक्रवाकांची जोडी मात्र त्याने कधी उठवली नाही. ती माशांच्या वाटेला जात नव्हती. परवा पाळीतले साळिंदराचे बीळही त्याने दगडमातीने ठासून बंद केले. पाणी नेमके त्याच्याच खाली फुटले होते.

चुलतभाऊ मदनसिंग दगड घेऊन धावत आला. "हे तोंड दाबून टाकू."

"थांब दादा. बाहेरून दाबलं तं पाणी दुसरीकून फोडते."

"मंग काय पाहत बसू?"

भाऊसिंगने पाळीला कान लावला. आत काटे खडखडत होते. भरदिवसा बीळ बुजवले, तेव्हा जनावर आत झोपलेले असणार. बाहेरची वाट बंद झाली म्हणून ते आतल्या अंगाला, पाण्याच्या दिशेने उकरत गेले होते. अजूनही उकरतच होते.

"ते निघाल्याबिगर हे थांबत नाही. बीळ खोलतो."

"अन् पाळ बसली तं? येड लागलं का तुले?"

भाऊसिंगने फावडे घातले. दगड निघताच ओली माती ढासळली. खालची धार मनगटाएवढी झाली. मग काटे फुलवलेले साळिंदर पाठमोरेच बाहेर आले आणि मदनसिंगच्या पोटरीत दोन काटे ठेवून तुरीत घुसले.

"कोंडलं तू, अन् बदला माह्यासंगं," मदनसिंग काटे उपटत कण्हला. "जाय आता पाण्यात."

पाणी कुठून आत शिरते ते शोधायला रुपाबाई पाळीच्या आतल्या बाजूने पाण्यावर सोयाबीनचे कुटार, मळणीचा भुसा, उधळत होती. सगळीकडे ते संथ तरंगले. एका जागी मात्र गिरकी घेऊन बुडू लागले.

"तिथं पाहा," ती म्हणाली.

कमरेला दोर बांधून भाऊसिंग छातीभर पाण्यात उतरला. दातावर दात आपटत होते. पायाने चाचपताना तळवा भोकाला लागला आणि पाण्याने तो घोट्यापर्यंत आत ओढला. दोराचा वेढा बाभळीला होता, तरी रुपाबाई कंबर विसरून दोर ओढत मागे झुकली. पाय सुटला. काठावर भरून ठेवलेले काळ्या मातीचे पोते ओढून त्याने भोकावर लोटले. ते निम्मे आत गेले. दुसरे त्यावर दाबून तो पायांनी रेटत राहिला.

"दादा, कसं आहे?" रुपाबाईने पाळीवरून पलीकडे धारेपाशी बसलेल्या मदनसिंगला विचारले.

"गढूळच."

तिसरे पोते गेले.

"धार बारीक झाली," अखेर मदनसिंग म्हणाला. थोड्या वेळाने: "नितळून राह्यलं."

भाऊसिंग वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मदनसिंगने घमेले उचलले. "आता तं बुजवू ना वरचं बीळ?"

"थांब. उजेड दाखव आधी."

रुपाबाईने मोबाइलचा उजेड धरला. ओल्या कपड्यांनिशी भाऊसिंग बिळापाशी पालथा पडला. टोकाला टेकेपर्यंत त्याने काठी हळूहळू आत सरकवली, कान लावला, पुन्हा एकदा लावला. काटे कुठेच खडखडले नाहीत. मगच घमेले हातात घेतले.