कार्डाची पुढची बाजू

गेल्या वर्षी श्रावणात पेठ तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर मला कंदीलपुष्प सापडलं. हिरवट, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, गवतात सहज चुकून जावं असं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि निवृत्तीनंतर रानफुलांचा नाद लागला. ही जात आपल्या भागात कुणी नोंदवलेली नसावी अशी मला शंका आली, म्हणून फोटो एका वनस्पतितज्ज्ञांना पाठवले. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. फोटो सुंदर आहेत, पण त्यात नोंदलेलं ठिकाण नाशिक शहरातलं दिसतं, तेव्हा हे घरी कुंडीत वाढवलेलं रोप असावं, छंद चांगला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

माझं पित्त खवळलं. आयुष्यभर मुलांना खोटी निरीक्षणं लिहू नका म्हणून सांगितलं आणि आता मलाच कुणीतरी गोड शब्दांत खोटं ठरवत होतं.

दोष कॅमेऱ्याचा होता. तो प्रत्येक फोटोत ठिकाण नोंदवतो, पण उपग्रह पटकन सापडावेत म्हणून त्याला एक फाइल लागते. ती काही आठवड्यांत शिळी होते. मग नवीन फाइल संगणकावर उतरवायची, मेमरी कार्डावर टाकायची आणि कार्ड कॅमेऱ्यात घालायचं. माझी फाइल कधीच शिळी झाली होती. डोंगरात उपग्रह सापडले नाहीत, म्हणून कॅमेऱ्याने शेवटचं माहीत असलेलं ठिकाण ठोकून दिलं, म्हणजे आमचं घर.

यंदा फुलं येण्याची वेळ झाली तशी मी कंबर कसली. फाइल घालण्याआधी कार्ड पूर्ण पुसा, असं माहितीपुस्तकात होतं. मोठ्या कार्डावर माझी सगळी रानफुलं होती, ते पुसण्याचा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्याबरोबर आलेलं एक छोटं कार्ड डबीत पडून होतं, ते काढलं. संगणकात ते सुरळीत चाललं, फाइलही बसली. कॅमेऱ्यात घातलं तर कॅमेरा म्हणे, फाइल सापडत नाही.

फाइल पुन्हा उतरवली. कॅमेऱ्यातली तारीख तपासली, फोल्डरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, कार्डाच्या कडेचं कुलूप वरखाली केलं. उत्तर तेच. कार्ड संगणकात चालतंय म्हणजे कॅमेराच बिघडला, अशी माझी खात्री झाली. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं की कॅमेरा ठेवून जा, पंधरा-वीस दिवस लागतील. तोवर फुलं गळून गेली असती.

यजमान म्हणाले की मोबाइलवर ठिकाण बघ आणि लिहून पाठव. मी म्हटलं, नुसतं लिहून काय कुणीही पाठवेल, मला ते फोटोच्या पोटात हवंय. त्या आठवड्यात माझ्याशी बोलायला घरात कुणी फारसं धजत नव्हतं.

एका दुपारी मी चिडून ते कार्ड फुलं बघायच्या भिंगाखाली धरलं. पाठीमागच्या सोनेरी पट्ट्यांच्या खाचांत काहीतरी पिवळं साचलं होतं. पहिल्यांदा मनात आलं ते परागकण. मग त्या पिवळ्याच्या कडेला लाल दिसलं. असले परागकण मी जन्मात पाहिले नव्हते. नखाने खरवडून वास घेतला, आणि यजमानांना हाक मारली.

त्यांचं आयुष्य सातपूरच्या कारखान्यात गेलं. तिथे खंडेनवमीला प्रत्येक मशीनची पूजा व्हायची, ती सवय ते घरी घेऊन आले. स्कूटर, शिलाई मशीन, विळी, माझं भिंग, कॅमेरा, काही म्हणून सुटत नाही.

"अहो, या कार्डाला हळदकुंकू तुम्ही लावलंत?"

"लावलं की. मोठं कार्ड कॅमेऱ्यात होतं, त्याची पूजा कॅमेऱ्याबरोबर झाली. हे बिचारं एकटंच डबीत होतं."

"पण या पट्ट्यांवर?"

"सोन्याची बाजू आहे. तीच पुढची ना?"

मला इतकं हसू आलं की रागवायचं राहूनच गेलं. ओल्या हळदीचं बोट त्यांनी मोठ्या श्रद्धेने नेमकं त्या पट्ट्यांवर टेकवलं होतं. संगणकाने ते कसंबसं चालवून घेतलं, कॅमेऱ्याने घेतलं नाही. खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने घासल्या, कोरड्या कापडाने पुसल्या. फाइल पुन्हा टाकली, कार्ड घातलं. कॅमेऱ्यावर 'अपडेट पूर्ण' अशी अक्षरं आली. मी भर दुपारी टाळ्या वाजवल्या. यजमान म्हणाले, पूजा वाया गेली नाही बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पेठला निघालो. उतारावर पोहोचेपर्यंत मला दम लागला होता, पण कॅमेऱ्यावरची उपग्रहाची खूण लुकलुकायची थांबून स्थिर झाली आणि मला पंख फुटले. फुलं तिथेच होती, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. मी चिखलात पालथी पडून फोटो काढले. प्रत्येक फोटोत पेठचा डोंगर नोंदला जात होता, आणि मी प्रत्येक फोटोनंतर तो पुन्हा तपासत होते.

त्या तज्ज्ञांना फोटो पाठवले तेव्हा पत्रात एकही टोमणा लिहिला नाही. लिहायचा मोह फार झाला होता. उत्तर आलं नाही, थेट फोन आला. कधी येऊ, एवढंच त्यांनी विचारलं.

ते आले, माझ्यामागून चढले आणि फुलासमोर गुडघ्यांवर बसले. वाकून ते सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. मग उठून म्हणाले, "मॅडम, मी चुकलो. आता एक विनंती आहे. याचे कंद लोक खणून नेतात. हे फोटो कुणालाही दाखवण्याआधी त्यातलं ठिकाण काढून टाका."

ज्या ठिकाणासाठी इतके दिवस जिवाचं रान केलं, ते मी त्याच संध्याकाळी प्रत्येक फोटोतून माझ्या हाताने पुसलं. इतक्या आनंदाने मी आजवर काहीच पुसलं नव्हतं.