काकूचा बैल आणि हातभर रेंज

काकूचा बैल कोंडवाड्यात होता आणि तो काकूचा आहे हे अजून सिद्ध व्हायचं होतं. गावाला ते माहीत होतं. बैलालाही माहीत होतं. शेजारच्या सोयाबीनमध्ये शिरला म्हणून सकाळी त्याला कोंडलं. त्यावरून काकूचं शेजाऱ्याशी भांडण झालं आणि चहाच्या वेळेपर्यंत मिटलंही. अडलं होतं ते मशीनपाशी.

यंदा कोंडवाड्याला ती नवीन आली होती. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यात चिप असते, पण बॅटरी नसते. मशीन जवळ आली की तिच्याच लहरींवर बिल्ला जागा होतो आणि नंबर सांगतो. नंबर वाचल्याशिवाय जनावर सोडायचं नाही, असा नियम. मशीन वाचायची वीतभर अंतरावरून. आणि बिल्ला ठोकल्यापासून हा बैल कानाजवळ हात आला की शिंग फिरवायचा. त्यात काकूलाही सूट नव्हती. कोंडवाडा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या शर्टाचा एक खिसा सकाळीच शिंगाने गेला होता.

"काकू, बैल तुमचाच हाय, मले मालूम हाय. पण मशीनले मालूम नाही."

"मंग सांग ना तिले!"

शेतात वाफसा होता, तण घोट्याला लागत होतं, आभाळ भरून येत होतं. उद्या बैलजोडीने डवरणी, म्हणजे ओळींमधलं तण काढणं, झालं नाही तर तणच पीक म्हणून घ्यावं लागलं असतं. जोडीतला दुसरा बैल घरी एकटाच हंबरत होता.

मी वडिलांनी मोर्च्यांतून आणलेल्या पत्रकांवर वाचायला शिकले. 'कमळ' यायच्या आधी मला 'काळा कायदा' वाचता येत होता. त्यामुळे मी ताबडतोब तीन पानांचं निवेदन लिहिलं: 'मुक्या जनावरावरील डिजिटल अन्यायाचा जाहीर निषेध'. कर्मचाऱ्याने ते वाचलं, "भारी लिवलं ताई" म्हणाला आणि त्याच कागदांनी वारा घेऊ लागला.

मग मी वाशीमजवळच्या मालेगावला, मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या चाचांकडे गेले. वाशीमला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा सुट्टीत त्यांच्याच दुकानात हात काळे केले होते.

"पहले वो कागद बाजू रख," ते म्हणाले. "घोषणेनं मोटर फिरली असती तं मी दुकान कायले टाकलं असतं?"

मशीन उघडायची परवानगी नव्हती. पण तिच्याजवळ मोठी कॉइल ठेवली आणि ती तिच्या सुरात लावली, तर लहरी पुढे पोचतात. जळक्या मोटारीची तार काढली, जुन्या रेडिओचा स्टेशन लावायचा कंडेन्सर घेतला आणि चाळीस वेढे दिले सायकलच्या रिंगवर, कारण ती आयती गोल होती. चाचांसोबत कोंडवाड्यात नेऊन लावली. मशीन मुकी. रिंगच्या लोखंडाने सगळ्या लहरी गिळल्या होत्या. डिप्लोमा माझा, पण ते ओळखलं चाचांनी. वर "पढी-लिखी हाय" असं कर्मचाऱ्याला सांगितलंही.

दुकानामागे एक लाकडी खिडकी निकामी पडली होती. तिच्या चौकटीवर पुन्हा चाळीस वेढे दिले. कोंडवाड्याच्या दगडी भिंतीत चारा टाकायला मोकळी जागा आहे, लोखंडी फाटकापासून लांब. तिथे चौकट उभी केली, खाली मशीन टांगली. काकूने अलीकडून सरकीची ढेप दाखवली. बैलाने खिडकीतून रस्ता बघावा तसं तोंड बाहेर काढलं. चाचा कंडेन्सरचं बटण फिरवत होते, बातम्यांचं स्टेशन शोधावं तसं. मशीन टुण्ण वाजली. चांगलं हातभर अंतर! बैलाने ढेप खाणं थांबवलं नाही.

कर्मचाऱ्याने मोबाइलवर नंबर टाकला आणि त्याचं तोंड उतरलं.

"मालकाचं नाव काकांचं हाय. सही त्याईचीच लागन."

काका जाऊन दोन वर्षं होत आली होती.

"मंग बोलाव त्याईले," काकू म्हणाली. "आता रेंज वाढवली म्हनता ना?"

चाचांनी खाली मान घालून पेचकस पुसायला घेतला. काकूने रजिस्टर ओढलं आणि मालकाच्या रकान्यात, सावकाश, स्वतःचं नाव लिहिलं.

कर्मचारी त्या सहीकडे बघत राहिला. मग त्याने फाटक उघडलं, आणि उरलेला खिसा हाताने झाकून बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी पाऊस यायच्या आत शेवटच्या दोन ओळी सोडून सगळी डवरणी झाली. कर्मचाऱ्याने माझं निवेदन मात्र परत दिलं नाही. पाठची बाजू कोरी होती. तिच्यावर त्याने चौकटीचा नकाशा काढून मागितला. मी काढून दिला आणि खाली लिहिलं: लोखंडापासून दूर ठेवा! उद्गारचिन्ह सवयीने पडलं.