आखूड झालेला दोरा

माझी मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली, तेव्हा माझ्या हातात 'द' होता. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका छापखान्याची मुद्रितं मी बदलापुरात घरबसल्या तपासत असे, आणि त्या वर्षी त्यांनी शाळकरी मुलांसाठी मराठी शब्दकोश छापायला घेतला होता. छापखान्याचे मालक सिंधी. मुलगी झाल्याचं कळल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याकडे मिठाईचा डबा दिला आणि निरोपही, "मॅडमला बोला, आराम करा. लेकिन जून के पहले किताब चाहिए." अंबरनाथचा त्याचा कारखाना सुटला की नवरा छापखान्यात जाऊन कागदांचा नवा गठ्ठा घेऊन यायचा.

मुलगी पावणेदोन किलोची. डॉक्टर म्हणाले, "वजन वाढलं तर काळजी नाही. दीड महिन्याने आणा." वाढलं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

दीड महिना गप्प वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. बाळाला तेल लावायला खरवईहून एक मावशी यायच्या. त्यांना म्हटलं, वाण्याच्या तराजूत घालून बघू या का? त्या एवढ्या भडकल्या की तेलाची वाटी कलंडली. "पोर काय कांदं-बटाटं हाय का, बाय? रोपांची आवनी केल्यावर आमी काय रोज भात मोजीत बसतो?" बाराव्या दिवशी त्यांनी मुलीच्या कमरेला काळा दोरा बांधला आणि बजावलं, की भरली, वाढली, अंग धरलं, असलं काही या घरात कुणी बोलायचं नाही. दृष्ट लागते. अडाणीपणा, असं मी मनात म्हटलं. पण घाबरलेली मीही होतेच, म्हणून तोंड मिटून राहिले.

कोशात मात्र वाढच वाढ चालली होती. 'प'मध्ये पान्हा आला. मुलगी तोवर चमच्याने दूध पीत होती. ज्या दुपारी तिने पहिल्यांदा स्वतःहून ओढलं, त्या दुपारी तो शब्द मला पुढे वाचवेना. मग फुटवा, फोफावणे, बहर, भरती. भाताच्या वाढीला वेगळा शब्द, झाडाच्या वेगळा, समुद्राच्या वेगळा! एवढं बारकाईनं कोण बघत बसलं असेल? जन्मभर वापरलेल्या शब्दांपुढे मी थक्क होऊन बसले होते. 'बाळसे'पाशी तर अडलेच. तान्ह्या मुलाच्या अंगावर जी गोलाई चढते, फक्त तेवढ्यासाठी एक अख्खा शब्द. मी मुलीकडे बघितलं. मला तिची मनगटं काड्यांसारखीच दिसली. त्या पानावर माझ्या नजरेतून दोन चुका सुटल्या, त्या तशाच छापल्या गेल्या.

डॉक्टरांकडे जायला दोन दिवस उरले असताना 'व' आला. 'वाढ : वृद्धी.' दोन पानं उलटली, 'वृद्धी : वाढ.' असा संताप आला! शेवटी शेवटी कोशकाराला कंटाळा आला होता की काय? मी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढत होते, तेवढ्यात न्हाणीघरातून मावशींची हाक आली.

मुलगी त्यांच्या पायांवर पालथी होती. रोज आंघोळीच्या वेळी त्या दोऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधत. ओला दोरा टोचू नये म्हणून असेल, अशी माझी समजूत. आज त्यांनी दोन्ही टोकं ओढून धरली होती आणि गाठ काही बसत नव्हती.

"बाय, दोरा आखूड झाला," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "नवा आना."

मला क्षणभर कळेना. कळलं तशी मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडले. इतक्या दिवसांत वाढीचे एवढे शब्द वाचले होते, पण ही बातमी त्यातल्या एकाही शब्दाने दिली नव्हती.

संध्याकाळी नवरा आला. मी एवढंच सांगितलं, "दोरा आखूड झालाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे. कागदांचा गठ्ठा दारातच ठेवून तो चपला न काढता मागे फिरला.

"चांगला लांब आणतो," तो म्हणाला.