पाठकोरी पत्रिका

कुंदाताई गेल्या, हे मला छापखान्यात कळलं. मुलाच्या लग्नाच्या पत्रिकांचे नमुने बघत होते, तेवढ्यात कॉलेजातून फोन आला. हातातली पत्रिका मी उलटी करून तिची पाठ अंगठ्याने चाचपत होते... ही सवय त्यांचीच.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी भौतिकशास्त्र. दूध टिकावं म्हणून कोणी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, तर ते विजेच्या प्रवाहावरून ओळखायचं, हा त्यांचा नव्वदच्या दशकातला ध्यास. पिंपळगावहून आलेली त्यांची आई चिडवायची, "लय शिकली तू, पण दूध नासलेलं कळायला नाक पुरं हाय!" ताई हसायच्या, "आई, हे दूध नासतच नाय, तिथंच तर गोम हाय."

ग्रॅफाइटची पूड, थोडं तेल आणि पेरॉक्साइड ओळखणारं एक निळं रसायन खलात घोटून तो लगदा त्या काचेच्या बारीक नळीत ठासायच्या. झाला इलेक्ट्रोड! त्याचं टोक मात्र गुळगुळीत कागदावर घासून पुन्हापुन्हा ताजं करावं लागे, आणि त्याला लग्नपत्रिकेच्या पाठीसारखा कागद नाही, हा ताईंचा शोध. स्टाफरूममध्ये पत्रिका आली की लग्न कोणाचं हे नंतर, आधी पाठ कोरी आहे ना ते बघायच्या. गणपती छापलेल्या बाजूवर मात्र त्यांनी कधी टोक टेकवलं नाही.

पन्नाशीत पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आली. परगावचे परीक्षक म्हणाले, "चालवून दाखवा." आलेख काढणारं पेन नुसतं थरथरत राहिलं, रेघ काही स्थिर होईना. इतक्या वर्षांची मेहनत त्या एवढ्याशा टोकावर अडलेली, मी मागच्या बाकावरून बघत होते. ताईंनी शांतपणे पर्समधून पत्रिका काढली, लगदा किंचित पुढे ढकलला, टोक गोल गोल घासलं आणि नळी पुन्हा बुडवली. पेरॉक्साइडचा थेंब पडला, रेघ एक पायरी चढली. दुसरा थेंब, दुसरी पायरी. मी टाळ्याच वाजवल्या, परीक्षा आहे हे विसरून.

"पत्रिका कोणाची?" परीक्षकांनी विचारलं.

"लेकीची. रविवारी लग्न आहे, यायचं हं सर!" असं म्हणून त्यांनी तीच पत्रिका, मागच्या काळ्या वर्तुळांसकट, त्यांच्या हातात ठेवली. सर खरंच आले. पंगतीत ताई आग्रहाने जिलबी वाढत होत्या, आणि ही बाई माझी मैत्रीण आहे, हे मी दिसेल त्याला सांगत सुटले होते.

परवा आमच्या पत्रिका छापून आल्या. पहिली रिवाजाप्रमाणे गणपतीपुढे ठेवली. दुसरी घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि कुंदाताईंच्या टेबलावर ठेवली... पालथी.