सतरा नंबरचा नमुना

प्रयोगशाळेत सगळे तिला डबीताई म्हणत, कारण शौचाचे नमुने घ्यायच्या पांढऱ्या डब्या तिच्या ताब्यात असत. वीस वर्षं ती हेच काम करत होती. डबी घ्यायची, नंबर आणि वेळ तपासायची, चमचाभर नमुना नळीत भरायचा, यंत्रात लावायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि वासाचं तिला काही वाटत नसे.

सलत होता तो एक माणूस. अठरा वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. तारीख ठरल्यावर त्याला तिचं काम नेमकं काय आहे ते कळलं आणि त्याने लग्न मोडलं. नुसतं मोडलं नाही, भरल्या बैठकीत म्हणाला, "दिवसभर लोकांचं हगणं चिवडणारी बाई माझ्या घरात स्वयंपाक करणार?" लोक हसले. ते वाक्य षट्कर्णी झालं आणि पुढची दोन स्थळं त्याच्या पायी गेली. वहिनीने तर ते जपूनच ठेवलं. डबीताई भावाच्या घरी भाजी चिरायला बसली की ती गोड हसून सुरी काढून घेई.

मग डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला. पोट सुटलेली, साखर काठावर आलेली, यकृतावर चरबी चढलेली चाळीस माणसं घेतली. आठ आठवडे कडधान्यं, ओट्स, सालासकट फळं असं तंतूंनी भरलेलं जेवण. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं, असं डॉक्टर समजावून सांगत. ते खाऊन जिवाणू जी आम्लं बनवतात, त्यांनी आतड्याचं अस्तर धड राहतं, साखर ताळ्यावर यायला मदत होते.

यादीत सतरावं नाव त्याचं होतं. आता तो मुख्याध्यापक झाला होता. तिच्या तोंडावर मास्क, त्यामुळे त्याने ओळखलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी पुढे करत, भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "ताई, हे कुठे ठेवू?"

"ठेवायचं नाही. कागद काढा, हातात द्या आणि नंबर वाचा."

दोनदा तिने नमुना दहा मिनिटं शिळा झाला म्हणून त्याला परत पाठवलं. नियम तसा होताच, पण इतरांना ती दहा मिनिटं सोडून देई.

चौथ्या आठवड्यात बहुतेकांच्या नमुन्यात आम्लं वाढली. सतरा नंबरची पहिल्या दिवसापेक्षाही कमी होती, आणि रोजचं खाणं नोंदवायच्या त्याच्या वहीत मात्र रोज कडधान्यं लिहिलेली. दोन दिवस तिने तो निकालाचा कागद खणात दाबून ठेवला. गप्प बसणं हाही सूडच होता. खाऊ दे त्याला तळलेलं, सडू दे यकृत, आपण काहीच केलं नाही. पण मग तिला वाटलं, असा तो आजारी पडला तरी त्याची मान ताठच राहील. तिसऱ्या दिवशी तिने कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

त्याला बोलावलं तेव्हा त्याने हात झटकले. यंत्र चुकलं असेल, नाहीतर या बाईंनी डब्यांची अदलाबदल केली असेल, असलं काम करणाऱ्या माणसांचा काय भरवसा, असं तो म्हणाला. तिने मास्क खाली ओढला.

"यंत्राला तुमचं नाव माहीत नाही," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

आता त्याने तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. डॉक्टरांनी दोन वाटा दिल्या. अभ्यासातून बाहेर पडा, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात करा आणि दुपारचं जेवण इथे, डोळ्यांदेखत. साखरेला तो मनातून घाबरला होता, त्याने दुसरी वाट धरली. देखरेख कुणी करायची हे डॉक्टरांनी विचारायच्या आत ती पुढे झाली.

आठ आठवडे रोज एक वाजता तो बाहेरच्या बाकावर बसून जेवायचा आणि ती घड्याळ घेऊन समोर उभी. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापापेक्षा कणभरही जास्त तिने वाढलं नाही. पण पोटाचे प्रश्न बाकीच्यांना ती कागदावर लिहायला देई, त्याला तोंडी विचारी, रांगेतल्या माणसांसमोर.

"काल वारा किती वेळा सरला?"

"अकरा."

"ऐकू आलं नाही."

"अकरा वेळा," मुख्याध्यापक म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

शेवटी साखर उतरली, पोट चार बोटं कमी झालं, आम्लं दुप्पट झाली. त्याने एकांत साधून तिला सांगितलं की तो चुकला होता. अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते कानावर पडलं, आणि तिला काहीच वाटलं नाही.

"मला एकटीला काय सांगता? तुम्ही चार लोकांत बोलला होतात."

तिने भावाच्या घरचा पत्ता लिहून दिला. रविवारी तो आला. तिने दोन आत्या, काका, शेजारपाजार सगळे बोलावून ठेवले होते. उभं राहून त्याने आपलं जुनं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. मग खोट्या वहीचं सांगितलं, आणि ती कुणी पकडली तेही. वहिनी पदराचा काठ चुरगाळत खाली बघत राहिली. तो गेल्यावर भाऊ म्हणाला, झालं गेलं सोडून दे आता.

"तुमचं झालं असेल," ती म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, पुढची पाच वर्षं या लोकांची सहामाही तपासणी आहे, सतरा नंबर दुसऱ्या कुणाकडे देऊ का? तिला अवघड जात असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"नको," ती म्हणाली. "तो माझ्याकडेच राहू द्या."